म्हातारचळ ते जी-३०

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये माणूस कशाने मेला हे ठरवायचं काम म्हाताऱ्या बायकांकडे होतं. वस्तीत कुणी गेलं की शपथ घेतलेल्या दोन बायका त्या घरी जायच्या, प्रेत बघायच्या, घरच्यांना चार प्रश्न विचारायच्या आणि चर्चच्या कारकुनाला मरणाचं कारण सांगून यायच्या. बहुतेक जणी गरीब विधवा. दर प्रेतामागे मिळणाऱ्या चिल्लरवर त्यांची गुजराण चाले. या कारणांची यादी दर गुरुवारी छापून निघायची. तीत प्लेग, देवी, क्षय तर असायचेच, पण 'दात' हेही एक कारण असायचं (दात येण्याच्या वयात दगावलेली पोरं), आणि एक रकाना होता नुसता 'म्हातारपण'.

जॉन ग्राँट नावाच्या कापडचोपडाच्या व्यापाऱ्याने या याद्या वर्षानुवर्षांच्या गोळा केल्या आणि १६६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या बायकांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. बिअरचा एक पेला आणि दुप्पट दक्षिणा मिळाली की गुप्तरोगाने मेलेला माणूस क्षयाच्या रकान्यात जातो, हे त्याने लिहूनच ठेवलंय. 'म्हातारपणा'च्या रकान्यापाशी मात्र तो थबकला. म्हातारं म्हणायचं ते कुठल्या वयापासून? त्याने बायबलचा आधार घेऊन सत्तर हा आकडा धरला आणि पुढे गेला. त्या हिशेबाने लंडनमध्ये शंभरातले सातएक जण म्हातारपणाने मरत होते.

माझ्या आजीला ग्राँटने याच रकान्यात बसवलं असतं. ऐंशीच्या दशकात ती गेली तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कागदावर 'वार्धक्य' एवढाच शब्द लिहिला. शेवटची चार वर्षं ती माझ्या वडिलांना तिच्या भावाच्या नावाने हाक मारायची. चपला तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि मग कुणी चोरल्या म्हणून घर डोक्यावर घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारचळ लागला. साठी बुद्धी नाठी ही म्हण तर होतीच हाताशी. स्मशानाचा पास मिळायला 'वार्धक्य' पुरेसं होतं, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. खटकलं ते फार पुढे, आकडे वाचायला लागल्यावर.

मरणाच्या कारणांना शिस्त लावायचा पहिला मोठा प्रयत्न विल्यम फार याचा. १८३९ पासून तो इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात होता. एकाच आजाराला चार नावं आणि एकाच नावाचे चार आजार, असा कारभार बघून तो वैतागला होता. भौतिकशास्त्रात वजनंमापं जशी, तशी या कामात नावं, असं त्याचं म्हणणं होतं. १८५३ च्या ब्रसेल्सच्या सांख्यिकी परिषदेत सगळ्या देशांना चालेल अशी यादी करायचं काम त्याच्यावर आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पिन यांच्यावर सोपवलं गेलं. दोघांचं पटलं नाही. दोघांनी दोन याद्या आणल्या आणि परिषदेने दोन्ही एकत्र करून १३९ कारणांची तडजोड काढली. पुढे पॅरिसच्या झाक बेर्तियोंने नवी यादी केली. हा पॅरिस शहराचा आकडेवारीप्रमुख. गुन्हेगारांच्या अंगाची मापं घेऊन ओळख पटवणारा आल्फाँस बेर्तियों तो याचाच भाऊ. खानदानच मोजणाऱ्यांचं. १८९३ मध्ये शिकागोला ती यादी मान्य झाली, ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसला सव्वीस देशांनी ती सुधारून घेतली आणि दर दहा वर्षांनी सुधारायची असं ठरलं. आज जगभरच्या रुग्णालयांत जिला आयसीडी म्हणतात, तिची ही पहिली आवृत्ती. तिच्यात म्हातारपणाला वेगळा विभाग होता. फारची शिस्त आली, तरी ग्राँटचा रकाना जागच्या जागी.

त्यानंतर सव्वा वर्षाने, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, रेल्वेतल्या एका कारकुनाने आपल्या बायकोला फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आणलं. ऑगस्ट डेटर, वय ५१. नवऱ्यावर संशय घ्यायची, स्वयंपाक बिघडवायची, घरात वस्तू लपवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी डॉ. आलोइस अल्झायमर तिच्यासमोर कागद घेऊन बसले. नाव? ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टच, असं ती म्हणाली. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय, विचारलं तर म्हणाली पालक. पेन्सिल, किल्ली, सिगार दाखवली तर नावं बरोबर सांगितली, आणि थोड्या वेळाने काय काय दाखवलं ते सगळं विसरली. नाव लिहायला सांगितलं तर 'श्रीमती' लिहून हात थांबला. मी मला हरवून बसलेय, असं ती मधूनमधून म्हणायची.

अल्झायमर पुढे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, पण ही बाई त्यांच्या डोक्यातून गेली नाही. ८ एप्रिल १९०६ ला ती वारली तेव्हा तिचा मेंदू आणि कागद त्यांनी मागवून घेतले. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना पेशींमध्ये पिळलेल्या धाग्यांचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेले ठिपके दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. एकानेही प्रश्न विचारला नाही.

इथे कथेला फाटा फुटतो, आणि पुढची सत्तर वर्षं आजार चुकीच्या रकान्यात पडून राहिला तो या फाट्यामुळे, असं मला वाटतं. प्रागमध्ये ओस्कर फिशर नावाचे डॉक्टर त्याच सुमारास हेच काम करत होते, पण म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूंवर. १९०७ मध्ये त्यांनी म्हातारपणी बुद्धी गेलेल्या सोळा जणांचे मेंदू तपासून बारांमध्ये ते ठिपके दाखवले. म्हणजे म्हातारचळ हाही मेंदूचाच आजार, हे तेव्हाच पुढ्यात आलं होतं. पण १९१० मध्ये क्रेपेलिनने पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत नाव दिलं ते आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचं, आणि दिलं ते चाळिशी-पन्नाशीत येणाऱ्या दुर्मीळ आजाराला. त्याचा अर्थ नक्की काय लावायचा हे अजून कळत नाही, असं त्यानेच लिहिलं होतं, पण ती शंका कुणाच्या लक्षात राहिली नाही. प्राग आणि म्युनिक यांच्यातली चढाओढ त्यामागे होती असं काही अभ्यासक म्हणतात. फिशर ज्यू होते. नाझींनी त्यांना पकडलं आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या तुरुंगात ते मेले. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांतून पुसलं गेलं होतंच.

मग वयाच्या पासष्टीची भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे बुद्धी गेली तर अल्झायमर, आजार, लेख लिहिण्यासारखी गोष्ट. पलीकडे गेली तर म्हातारपण, किंवा फार तर 'मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या'. ऑगस्ट डेटर एक्कावन्नऐवजी एकाहत्तरची असती तर अल्झायमर यांनी तिच्यासाठी कागद घेतला असता का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यादीची सहावी आवृत्ती काढली. आता यादी नुसती मरणाची राहिली नाही, आजारांचीही झाली, आणि मानसिक आजारांना पहिल्यांदाच स्वतंत्र प्रकरण मिळालं. त्यात भिंत छापील झाली: म्हातारपणातलं मनोविकृतीचं दुखणं एका क्रमांकाला, म्हातारपणाआधीचं दुसऱ्या, रक्तवाहिन्यांमुळे होणारं तिसऱ्या. शिवाय ज्याच्या बाबतीत काही धड सांगता येत नाही त्याच्यासाठी मागे एक अडगळीचं प्रकरण होतंच. त्याचं शीर्षक होतं 'लक्षणं, वार्धक्य आणि नीट न सांगता येणाऱ्या स्थिती'. ऐंशीतली माणसं बहुधा तिथेच जाऊन पडत.

भिंतीला पहिला सुरुंग लागला तो इंग्लंडमधल्या न्यूकासलला. गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ यांनी म्हाताऱ्या रुग्णांचं हयातीत गुणांकन केलं आणि मेल्यावर त्यांच्या मेंदूतले ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. ठिपके जितके जास्त, तितकी बुद्धी गेलेली, असा मेळ १९६८ मध्ये त्यांनी दाखवला. रक्तवाहिन्यांचा दोष सगळ्यांत होता असं नाही. फिशर यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवलेलं आता आकड्यांनी सिद्ध होत होतं.

पण भिंत पाडली ती एप्रिल १९७६ मधल्या दोन पानी संपादकीयाने. न्यूयॉर्कचे रॉबर्ट कॅट्झमन यांनी लिहिलं की पासष्टच्या आधीचा आणि नंतरचा हा भेद निव्वळ रिवाजाचा आहे, आजार एकच आहे. आणि एकच धरला तर तो अमेरिकेतल्या मृत्यूंचं चौथ्या-पाचव्या क्रमांकाचं कारण ठरतो. मृत्यूच्या कारणांच्या सरकारी तक्त्यांत मात्र त्याचं नावही नव्हतं. एवढे लोक मरत होते आणि वहीत एकाचीही नोंद नव्हती.

पुढचं सगळं शास्त्राने झालं नाही, काही राजकारणाने झालं. १९७४ मध्ये अमेरिकेत वार्धक्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था निघाली. तिचे पहिले प्रमुख रॉबर्ट बटलर यांना पक्कं माहीत होतं की म्हातारपणासाठी संसद पैसा देत नाही, आजारासाठी देते, आणि आजाराला नाव हवं, रडणारे नातेवाईक हवेत. वार्धक्याच्या लाखो रुग्णांना अल्झायमर या एका नावाखाली आणणं हे खरंही होतं आणि सोयीचंही. १९८० मध्ये नातेवाइकांची संघटना उभी राहिली. अभिनेत्री रिटा हेवर्थ यांना हाच आजार असल्याचं बाहेर आलं. अध्यक्ष रेगन यांनी १९८३ मध्ये या आजाराविषयी जाहीरनामा काढला आणि अकरा वर्षांनी आपल्यालाच तो झाल्याचं पत्र देशाला लिहिलं.

दरम्यान यादीची नववी आवृत्ती १९७९ पासून लागू झाली होती. तिने यादीतली भिंत पाडली नाही, तिला खिडकी पाडली. मानसिक आजारांच्या प्रकरणात २९० क्रमांकाखाली वार्धक्यातला स्मृतिभ्रंश आणि वार्धक्यापूर्वीचा स्मृतिभ्रंश राहिले, आणि मज्जासंस्थेच्या प्रकरणात ३३१.० हा नवा क्रमांक अल्झायमरला मिळाला. एकच म्हातारी दोन प्रकरणांत बसू शकत होती. कुठे बसणार ते डॉक्टरने कोणता शब्द लिहिला यावर. १९७९ मध्ये अख्ख्या अमेरिकेत ३३१.० या क्रमांकावर ८५७ मृत्यू नोंदले गेले. १९८७ मध्ये तोच आकडा अकरा हजारांच्या वर होता. आठ वर्षांत आजार तेरा पटींनी फोफावला असं कुणीच म्हणणार नाही. डॉक्टरांची लेखणी बदलली होती.

क्रमांकाला पैशाची शेपूट असते, हे आपल्याकडे मेडिक्लेम भरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, मानसिक आजाराच्या बाह्योपचारांना हात आखडता घेऊन पैसे द्यायचा, शरीराच्या आजाराला मोकळ्या हाताने. त्यामुळे २९० लिहायचं की ३३१ लिहायचं हा दवाखान्याच्या बिलाचा प्रश्न होता. त्याहून वाईट म्हणजे विम्याचे दावे तपासणारी संगणकयंत्रणा दाव्यावर स्मृतिभ्रंशाचा क्रमांक दिसला की तो आपोआप नाकारायची. या माणसाला व्यायामोपचार किंवा वाचोपचार देऊन काय सुधारणार, हे गृहीतच धरलेलं. नुसत्या क्रमांकावरून दावे असे फेटाळू नका, असा आदेश निघायला २००१ साल उजाडलं. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये उलटा प्रकार झाला. सरकारने फॅमिली डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक वाढीव निदानामागे ५५ पौंड देऊ केले. डॉक्टरच चिडले. रुग्णाच्या डोक्यावर बक्षीस लावल्यासारखं ते दिसत होतं. सहा महिन्यांत योजना गुंडाळली गेली. लंडनच्या त्या बायकांची दुप्पट दक्षिणा आठवते इथे.

दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. क्रमांकांना आता अक्षरं लागली आणि अल्झायमर झाला जी-३०. पासष्टपूर्वी सुरू झाला तर जी-३०.०, नंतर झाला तर जी-३०.१. पासष्टीची ती भिंत दशांशचिन्हाच्या उजवीकडे येऊन बसली. दोन प्रकरणांचं भांडण मिटवायला एक छपाईतली युक्ती होती. मूळ आजाराच्या क्रमांकाला कट्यारीचं चिन्ह आणि त्यातून दिसणाऱ्या लक्षणाच्या क्रमांकाला तारा. म्हणजे मेंदूतला आजार जी-३० कट्यारीसह, आणि त्यातून आलेला स्मृतिभ्रंश एफ-०० ताऱ्यासह. दोन्ही जोडीने लिहायचे, पण मरणाच्या हिशेबात कट्यारच धरायची.

अमेरिकेने मृत्यूंसाठी ही आवृत्ती १९९९ मध्ये घेतली. १९९८ मध्ये अल्झायमरचे मृत्यू होते सुमारे २२,७००. १९९९ मध्ये झाले सुमारे ४४,५००. कुठली साथ आली नव्हती. अमेरिकेच्या सांख्यिकी केंद्राला हे होणार हे ठाऊक होतं, कारण त्यांनी १९९६ चेच दाखले आधी जुन्या नियमांनी आणि मग नव्या नियमांनी असे दोनदा लावून पाहिले होते. कागद तेच, माणसं तीच, मरणं तीच. जुन्या हिशेबात अल्झायमरचे जिथे शंभर निघत होते तिथे नव्यात दीडशेच्या वर निघाले, कारण 'वार्धक्यापूर्वीचा स्मृतिभ्रंश' लिहिलेले दाखले मानसिक प्रकरणातून उचलून जी-३० मध्ये आले होते. या सगळ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत आवडतो. आकडा कुठून येतो हे इतकं उघड करून क्वचितच कुणी दाखवलं असेल.

इंग्लंड आणि वेल्समध्येही तेच झालं, सावकाश. २०११ आणि २०१४ मध्ये दाखल्यातून मूळ कारण निवडायचे नियम आणि ते काम करणारी संगणकप्रणाली बदलली. पूर्वी पक्षाघाताकडे जाणारे काही मृत्यू स्मृतिभ्रंशाकडे आले. लोक जास्त जगत होते, निदानही वाढलं होतं. २०१५ च्या आकड्यांत अल्झायमर आणि स्मृतिभ्रंश मिळून ११.६ टक्के मृत्यू झाले आणि हृदयविकाराला मागे टाकून ते पहिल्या क्रमांकाला गेले. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. नियम बदलल्याचा खुलासा सांख्यिकी कार्यालयाने दिला होता, पण खुलाशाला मथळा कोण देतो?

अकराव्या आवृत्तीच्या मसुद्यात स्मृतिभ्रंश अख्खाच्या अख्खा मज्जासंस्थेच्या प्रकरणात हलवला गेला, आणि जगभरचे मनोविकारतज्ज्ञ उठून उभे राहिले. हे रुग्ण आम्ही सांभाळतो, आमच्या प्रकरणातून गेले तर आमच्याकडे येणं बंद होईल, असं त्यांचं म्हणणं. मग पुन्हा तडजोड: आजार ८ए२० म्हणून मज्जासंस्थेत, त्यातून येणारा स्मृतिभ्रंश ६डी८० म्हणून मानसिक प्रकरणात. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याआधी आणखी एक वाद झाला. दहाव्या आवृत्तीतल्या आर-५४ म्हणजे 'वार्धक्य' या नोंदीच्या जागी सरळ 'म्हातारपण' हा शब्द येणार होता. वृद्धांसाठी काम करणाऱ्यांनी आरडाओरडा केला, म्हातारपण हा काय आजार आहे का? शब्द मागे घेतला गेला आणि त्या जागी वयोमानाने अंगभूत क्षमता घटण्याविषयीचा एक लांबलचक वाक्प्रयोग आला. ग्राँटचा रकाना तेवढ्यापुरता खोडला गेला. जपानने हेच काम शब्दकोशात केलं. बुद्धिहीनतेचा वास येणारा 'चिहो' हा जुना शब्द २००४ मध्ये सरकारी कागदांतून काढून 'निन्चिशो' हा नवा आणला.

आपल्याकडे म्हातारचळ शब्द कुणी काढला नाही, पण 'अस्तु' सिनेमात स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत मोहन आगाशे रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत गेले तेव्हापासून तो शब्द उच्चारताना काही जणांची जीभ अडखळायला लागली, एवढं खरं. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. देशात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून जास्त जणांना, स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ चा अंदाज आहे. मृत्यूच्या आकड्यांत हे लोक दिसत नाहीत. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली डॉक्टरांनी कारणाचा दाखला द्यायचा असतो, रुग्णालयात नमुना ४, घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ. पण देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचात एकाला तो मिळतो. गोव्यात जवळजवळ सगळ्यांना मिळतो. आणि मिळाला तरी त्यावर काय असतं? वरच्या ओळीत 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं.

त्या नमुन्यात तीन ओळी असतात, अ, ब, क. अ मध्ये शेवटचं कारण, ब मध्ये ते ज्याने झालं ते, क मध्ये सगळ्याची सुरुवात. खाली वेगळ्या भागात 'इतर आजार' लिहायची जागा. मोजणी होते ती मूळ कारणाची, म्हणजे भरलेल्या सर्वांत खालच्या ओळीची. स्मृतिभ्रंश 'इतर'मध्ये लिहिला की तो हिशेबातून गेला.

ऑगस्ट डेटर यांची निळ्या पुठ्ठ्यातली फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या जुन्या कागदांत सापडली. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा झाल्या, त्यातून रक्तात जंतू गेले. आज त्यांचा नमुना ४ भरायचा तर असा भरावा लागेल. वय ५५, स्त्री, विवाहित. अ, रक्तातला जंतुदोष. ब, शय्याव्रण. क, अल्झायमरचा आजार, जी-३०.०. क ची ओळ कोरी सोडली तर मृत्यूचं कारण पाठीवरची जखम.

आजीच्या कागदावर तीनच्या तीन ओळींवर तिरकं, एकाच शब्दात, 'वार्धक्य' लिहिलेलं होतं.